एका टाळीवरून सिस्टिम ओळखायची: सिग्नल्स अँड सिस्टिम्सची पहिली ओळख

इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनला असाल तर ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’ काही चुकत नाही. गेट देणार असाल तर पुन्हा गाठ पडतेच. माझा हा पेपर पहिल्या फेरीत राहिला होता. पहिल्या दिवसापासून मी इंटिग्रल सोडवत बसलो होतो. कन्व्होल्यूशनचं सूत्र तोंडपाठ होतं, पण तोंडी परीक्षेत समोरचं सर्किट लिनियर आहे का असं विचारल्यावर माझी दातखीळ बसली. पुढे ज्युनिअर मुलांना शिकवायला लागलो तेव्हा दिसलं की बहुतेकांचं असंच होतं. गणित येत असतं, ते कशासाठी चाललंय ते माहीत नसतं.

म्हणून आधी तेच सांगतो. या अख्ख्या विषयात एकच सौदा आहे. सिस्टिम दोन अटी पाळत असेल तर तिच्यासमोर एकदा टाळी वाजवायची आणि ती काय उत्तर देते ते लिहून घ्यायचं. त्यानंतर कुठल्याही इनपुटला ती काय देईल हे तिला हात न लावता सांगता येतं. कन्व्होल्यूशन, फूरिए, लाप्लास ही सगळी त्या सौद्याची वसुली. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. पुस्तकातला क्रम थोडा वेगळा असतो, असू दे.

पायरी १: सिग्नल वाचायला शिका

सिग्नल म्हणजे कशाच्या तरी बदलाबरोबर बदलणारी, काहीतरी सांगणारी राशी. बहुतेक वेळा तो बदल वेळेचा असतो. दवाखान्यातला ईसीजी घ्या. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो आणि एक मिलिव्होल्टला रेघ १० मिलिमीटर वर जाते. म्हणजे एक मिलिमीटरचा छोटा चौकोन आडवा मोजला तर ०.०४ सेकंद, उभा मोजला तर ०.१ मिलिव्होल्ट. दोन उंच टोकांमध्ये असे २० चौकोन भरले तर ठोक्यांमधलं अंतर ०.८ सेकंद, म्हणजे मिनिटाला ७५ ठोके. आलेख समोर आला की पहिल्यांदा आडव्या आणि उभ्या अक्षावर काय आहे ते बघायचं, ही सवय इथूनच लावून घ्या. घरातल्या प्लगमधले २३० व्होल्ट हासुद्धा सिग्नलच. ते २३० आरएमएस असतात, म्हणजे वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घेतलेली किंमत. साइनचं टोक जातं साधारण ३२५ व्होल्टपर्यंत, आणि ५० हर्ट्झ म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक फेरा.

वेळ सलग असेल तर गोल कंस: एक्स(टी). ठरावीक क्षणांचेच आकडे असतील तर चौकोनी कंस: एक्स[एन]. कंसांत गल्लत करू नका, कारण एन = २.५ ला एक्स[एन] ची किंमत शून्य नसते, तिथे सिग्नलच नसतो. आणि उणे एकच्या वर्गमुळाला इथे ‘आय’ न म्हणता ‘जे’ म्हणतात, कारण इलेक्ट्रिकलवाल्यांनी आय करंटसाठी आधीच अडवून ठेवलाय.

आता सगळ्यांचा पाय घसरतो ती जागा: सरकवणं आणि आवळणं. एक्स(टी − २) म्हणजे सिग्नल डावीकडे गेला की उजवीकडे? वजा आहे म्हणून डावीकडे, असं मन म्हणतं. संध्याकाळी सातच्या बातम्या तुम्ही रेकॉर्ड करून नऊ वाजता बघताय असं समजा. घड्याळात नऊ, पडद्यावर सात वाजताचं. नऊ वजा दोन सात. म्हणजे वजा दोन हा दोन तासांचा उशीर झाला आणि आलेख उजवीकडे गेला. एवढं डोक्यात बसलं की पाठांतराची गरज नाही.

एक्स(२टी − ३) आलं की मुलं आधी सरकवू की आधी आवळू यावर भांडतात. दोन्ही चालतं, पण आधी आवळलं तर सरकवायचं १.५ ने, ३ ने नाही, आणि गुण तिथेच जातात. माझी पद्धत याहून सोपी आहे. मूळ सिग्नल १ पासून ३ पर्यंत असेल तर कंसातली राशी १ आणि ३ कधी होते ते काढा. २टी − ३ = १ म्हणजे टी = २, आणि २टी − ३ = ३ म्हणजे टी = ३. नवा सिग्नल २ ते ३. टोकं बरोबर बसली की मधलं आपोआप बसतं.

सम-विषम, एनर्जी-पॉवर हे प्रकार वाचून घ्या. त्यावर एक-दोन गुणांचे प्रश्न येतात, त्याहून जास्त वेळ देऊ नका.

पायरी २: दोन अटी तपासा

सिस्टिम म्हणजे एक सिग्नल आत घेऊन दुसरा बाहेर देणारं काहीही. आपल्याला हव्यात लिनियर आणि टाइम-इनव्हेरियंट सिस्टिम. दोन्ही अटी मोडणारी सिस्टिम आपण रोज वापरतो, रिक्षाचा मीटर. आत जातं अंतर, बाहेर येतं भाडं. पहिल्या दीड किलोमीटरला किमान भाडं ठरलेलं. अर्धा किलोमीटर गेलात काय आणि एक गेलात काय, पैसे तेच. इनपुट दुप्पट झालं, आउटपुट तिथंच राहिलं, म्हणजे लिनियर नाही. रात्री बारानंतर तेवढ्याच अंतराला जास्त भाडं. तेच इनपुट उशिरा दिलं तर तेच आउटपुट तेवढ्याच उशिरा यायला हवं होतं, ते आलं नाही. म्हणजे टाइम-इनव्हेरियंटही नाही.

लिनियर असण्याचे दोन भाग. इनपुट कितीही पट केलं तर आउटपुट तितक्याच पट व्हायला हवं. आणि दोन इनपुटांची बेरीज दिली तर त्या दोघांच्या वेगवेगळ्या आउटपुटांची बेरीज मिळायला हवी. यावरून एक झटपट चाचणी निघते: शून्य इनपुटला शून्यच आउटपुट आलं पाहिजे. वाय = २एक्स + ३ ही सरळ रेषा आहे, पण लिनियर सिस्टिम नाही, कारण काहीच न देता ती ३ देते. दरवर्षी अर्धा वर्ग इथे फसतो. ‘सर, आलेख तर सरळ रेषा येतोय!’ येतोय, पण आरंभबिंदूतून जात नाहीये. चाचणी एकाच बाजूने चालते हेही लक्षात ठेवा. वाय = एक्सचा वर्ग, यात शून्याला शून्यच मिळतं, तरी ती लिनियर नाही. २ ला ४ मिळतात, ४ ला ८ न मिळता १६ मिळतात.

टाइम-इनव्हेरियन्ससाठी दोन रस्त्यांनी जाऊन बघायचं. आधी इनपुट उशिरा पाठवून सिस्टिममधून काढा. मग उलटं करा, इनपुट तसंच पाठवून आउटपुट उशिरा घ्या. दोन उत्तरं जुळली तर पास. वाय(टी) = टी × एक्स(टी) करून बघा. पहिल्या रस्त्याने येतं टी × एक्स(टी − २), दुसऱ्याने (टी − २) × एक्स(टी − २). जुळत नाही, म्हणजे लिनियर असूनही ही सिस्टिम वेळेनुसार बदलते.

खऱ्या जगात पूर्ण लिनियर काहीच नसतं. मंडळाच्या मांडवातल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाढवत गेलात की एका मर्यादेपुढे आवाज फाटतो. तिथे लाटेची टोकं कापली जातात आणि लिनियरपणा संपतो. आपण ज्या पट्ट्यात काम करतो तिथे ती पुरेशी लिनियर आहे एवढं बघायचं आणि पुढे जायचं.

पायरी ३: टाळी वाजवा

विजापूरचा गोल घुमट सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या कित्येक शाळांच्या सहलीत असतोच. १६५६ च्या सुमाराचं हे मुहम्मद आदिलशहाचं थडगं. वरच्या सज्जात उभं राहून टाळी वाजवली की ती पुन:पुन्हा परत येते. गाइड हे दाखवतो, मुलं ओरडतात, आणि इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे काय ते त्यांना दहा वर्षं आधीच ऐकायला मिळतं.

टाळी म्हणजे क्षणभराचा धक्का. गणितात तिला युनिट इम्पल्स म्हणतात. रुंदी जवळजवळ शून्य, उंची अफाट, पण क्षेत्रफळ बरोबर १. डिस्क्रीट, म्हणजे ठरावीक क्षणांच्या वेळेत तर अगदीच सोपं: एन = ० ला १ आणि बाकी सगळीकडे ०. या धक्क्याला सिस्टिम जे उत्तर देते तो तिचा इम्पल्स रिस्पॉन्स, त्याला ‘एच’ म्हणतात. घुमटात टाळी परत परत येते तो घुमटाचा एच. गाद्या-पडद्यांनी भरलेल्या खोलीत टाळी तिथल्या तिथे मरते, तो त्या खोलीचा एच. स्पीड-ब्रेकरवरून गेल्यावर स्कूटर जशी हलते तो तिच्या शॉकअपचा एच.

एका धक्क्याच्या उत्तरावरून बाकी सगळ्याचं उत्तर मिळतं, कारण कुठलाही सिग्नल म्हणजे वेगवेगळ्या वेळी वाजवलेल्या लहान-मोठ्या टाळ्यांची रांग. प्रत्येक टाळीचं उत्तर माहीत आहे. टाळी मोठी तर उत्तर तितकंच मोठं आणि उत्तरांची बेरीज चालते, हे लिनियर अटीने दिलं. टाळी उशिरा तर तेच उत्तर उशिरा, हे दुसऱ्या अटीने दिलं. अटी मोडल्या की सौदा मोडला. रिक्षाच्या मीटरला इम्पल्स रिस्पॉन्स विचारण्यात अर्थ नाही.

पायरी ४: कन्व्होल्यूशन, सूत्राशिवाय

इथे घाई करू नका. माझी गाडी इथेच अडली होती.

एक खातं धरा, वर्षाला १० टक्के चक्रवाढ व्याज देणारं. बँक इतकी उदार नसते, पण हिशोब सोपा होतो. यात तुम्ही एकदाच एक रुपया टाकला तर दर वर्षाअखेर दिसेल १, १.१, १.२१, १.३३१… हा खात्याचा इम्पल्स रिस्पॉन्स.

आता पहिल्या वर्षी १०० रुपये भरा, दुसऱ्या वर्षी २००, तिसऱ्या वर्षी ३००. तिसरा हप्ता भरल्याच्या क्षणी खात्यात किती? आत्ताचे ३०० अजून वाढलेले नाहीत, म्हणून ३०० × १. मधले २०० एक वर्ष वाढले, २०० × १.१ = २२०. सगळ्यात जुने १०० दोन वर्षं वाढले, १०० × १.२१ = १२१. एकूण ६४१.

कन्व्होल्यूशन झालं. आता सूत्रातली ‘उलटवण्याची’ भानगड बघा. पुस्तक म्हणतं, एच उलटा करा, सरकवा, गुणा, बेरीज घ्या. मला वाटायचं की हे उलटवणं कोणीतरी उगाच छळायला घातलंय. पण वरच्या हिशोबात नवा हप्ता एचच्या पहिल्या आकड्याशी गुणला गेला आणि सगळ्यात जुना हप्ता तिसऱ्याशी. हप्ते काळाच्या क्रमाने पुढे चालले, त्यांची वयं उलट क्रमाने. उलटवणं तिथून येतं. जुन्याला जास्त व्याज, एवढंच. खात्री हवी असेल तर वर्षागणिक मोजा: १००; मग ११० + २०० = ३१०; मग ३४१ + ३०० = ६४१.

हातानं कन्व्होल्यूशन करायला मी तक्ता शिकवत नाही, चौथीतला गुणाकार शिकवतो, फक्त हातचा न घेता. १, २, ३ आणि २, १ या दोन क्रमांचं कन्व्होल्यूशन हवंय? १२३ गुणिले २१ करा, उत्तर २५८३. म्हणून कन्व्होल्यूशन २, ५, ८, ३. आकडे मोठे असले तर प्रत्येक रकान्यातली बेरीज तशीच ठेवायची, डावीकडे काही न्यायचं नाही. पेपरात दोन गोष्टी तपासून घ्या. उत्तराची लांबी ३ + २ − १ = ४ हवी. आणि पहिल्या क्रमाची बेरीज ६, दुसऱ्याची ३, तर उत्तराची बेरीज १८ हवी. २ + ५ + ८ + ३ = १८. याला दहा सेकंद लागतात आणि निम्म्या चुका इथेच सापडतात.

हेच खातं स्थिरतेचा धडाही देतं. दर वर्षी फक्त १०० रुपये भरत राहिलात, इनपुट मर्यादेत आहे, तरी शिल्लक वाढतच जाते, थांबत नाही. मर्यादित इनपुटला अमर्याद आउटपुट म्हणजे सिस्टिम अस्थिर. ठेवीदाराला चालेल, कंट्रोल सिस्टिमवाल्याला नाही. सलग वेळेत इंटिग्रल येतं, पण आत चालतो हाच हप्त्यांचा हिशोब. आधी दोन आलेख कागदावर काढा, एक उलटवून सरकवा, ते कुठून कुठपर्यंत एकमेकांवर येतात ते बघा, मगच मर्यादा लिहा. चूक इंटिग्रल सोडवण्यात क्वचित होते, मर्यादा लिहिण्यात होते.

पायरी ५: साइन देऊन बघा

प्रयोगशाळेत एक किलोओहमचा रेझिस्टर आणि एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ब्रेडबोर्डवर लावा, आउटपुट कपॅसिटरवर घ्या. टाइम कॉन्स्टंट, म्हणजे या दोघांचा गुणाकार, एक मिलिसेकंद. फंक्शन जनरेटरवरून १५९ हर्ट्झची स्क्वेअर वेव्ह दिली तर सीआरओवर (लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) तिचे कोपरे गोलावलेले दिसतात, आकारच बदलतो. त्रिकोणी दिली तरी बदलतो. आता साइन द्या. आउटपुट साइनच, त्याच फ्रीक्वेन्सीची, फक्त उंची ०.७०७ पट आणि ४५ अंश मागे. १५९० हर्ट्झची दिली तर उंची साधारण दहावा भाग, पण साइनच.

हा योगायोग नाही. कन्व्होल्यूशन म्हणजे इनपुटच्या उशिरा आलेल्या, कमी-जास्त केलेल्या प्रतींची बेरीज. साइन उशिरा आली तरी साइन, आणि एकाच फ्रीक्वेन्सीच्या कितीही साइन मिळवल्या तरी त्याच फ्रीक्वेन्सीची साइन. म्हणून प्रत्येक फ्रीक्वेन्सीला दोनच आकडे लागतात: उंची किती पट झाली आणि ती किती अंश मागे पडली. कन्व्होल्यूशनच्या जागी साधा गुणाकार आला. यासाठीच एवढा अट्टहास असतो.

मात्र सगळे सिग्नल साइन नसतात. ते साइनमध्ये फोडता येतात, हा जोसेफ फूरिएचा दावा. उष्णता कशी पसरते यावरचा त्याचा प्रबंध १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वानांपुढे गेला तेव्हा गणितज्ञ लाग्रांजने आक्षेप घेतला, की टोकदार कोपऱ्यांचा आलेख गुळगुळीत साइनांच्या बेरजेतून कसा येईल? ग्रंथ छापून यायला १८२२ उजाडलं. तुम्हालाही हे सुरुवातीला पटत नसेल तर तुम्ही लाग्रांजच्या पंगतीला आहात, वाईट वाटून घेऊ नका. आक्षेपात थोडं तथ्य होतंही. कितीही साइन मिळवल्या तरी उडीच्या शेजारी आलेख उडीच्या साधारण ९ टक्के वर उसळतोच. ती उसळी अरुंद होत जाते, बुटकी होत नाही.

उंची १ असलेली स्क्वेअर वेव्ह फोडली तर मूळ फ्रीक्वेन्सी १.२७३, तिप्पट फ्रीक्वेन्सी ०.४२४, पाचपट ०.२५५ अशी उतरत जाते. मगाचच्या सर्किटातून ती पाठवू. मूळ फ्रीक्वेन्सी ०.७०७ ने गुणली, राहिली ०.९. तिसरी ०.३१६ ने, राहिली ०.१३४. पाचवी ०.१९६ ने, राहिली ०.०५. आत जाताना तिसरी पहिलीच्या एकतृतीयांश होती, बाहेर येताना सातव्या हिश्श्याइतकी झाली. कोपरे या वरच्या फ्रीक्वेन्सींनी बनतात. त्याच गळाल्या म्हणून सीआरओवर कोपरे गोल दिसले.

हे कानानेही ऐकता येतं. पेटीवर काळी एक दाबून फोनवर रेकॉर्ड करा आणि ऑडासिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅनलाइज मेनूतला प्लॉट स्पेक्ट्रम उघडा. स्पेक्ट्रम म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीचा जोर किती ते दाखवणारा आलेख. मधल्या सप्तकात सुळके साधारण २७७, ५५४, ८३१ हर्ट्झवर दिसतील, मूळ सुराच्या सरळ पटीत. साध्या ताणलेल्या कातड्याला हे जमत नाही. त्याचे वरचे सूर मूळच्या १.५९, २.१४, २.३० पट अशा वेड्यावाकड्या ठिकाणी पडतात, म्हणून ढोलाला नेमका सूर नसतो. तबल्याला असतो, कारण मधल्या शाईचं वजन हे सूर ओढून जवळजवळ सरळ पटीत आणतं. सी. व्ही. रामन यांनी यावर १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. शाई घोटणाऱ्या कारागिरांना हे फूरिएच्या आधीपासून हाताने येत होतं.

फूरिएची चार रूपं मुलांना गोंधळात टाकतात. एक धागा धरा: एका बाजूला पुनरावृत्ती असेल तर दुसऱ्या बाजूला सुटे ठिपके असतात. पुन:पुन्हा येणाऱ्या सिग्नलचा स्पेक्ट्रम सुट्या रेघांचा, म्हणून सिरीज. एकदाच येणाऱ्याचा स्पेक्ट्रम सलग, म्हणून ट्रान्सफॉर्म. सिग्नल सॅम्पल केलेला, म्हणजे ठरावीक क्षणांनाच मोजलेला असेल तर स्पेक्ट्रमच पुन:पुन्हा येतो. संगणकात दोन्हीकडे सुटे आकडे लागतात, तिथे डीएफटी (डिस्क्रीट फूरिए ट्रान्सफॉर्म). आणि १९६५ मध्ये कूली आणि ट्युकी यांनी मांडलेला एफएफटी (फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म) म्हणजे तीच डीएफटी, काटकसरीने केलेली. १०२४ आकड्यांना सरळ पद्धतीत दहा लाखांवर गुणाकार लागतात, यात दहा हजारांच्या आसपास भागतं.

पायरी ६: लाप्लास आणि शॉकअप

मेकॅनिक स्कूटरचं सीट जोरात दाबून सोडतो. गाडी एकदा वर येऊन शांत झाली तर ठीक. डुलत राहिली तर म्हणतो, ‘शॉकअप गेलेत.’ तो पोल कुठे आहेत ते बघतोय.

फूरिए नुसत्या साइन घेतो, लाप्लास मरत किंवा वाढत जाणारे हेलकावेही घेतो. त्यासाठी लाप्लासमध्ये एस या कॉम्प्लेक्स राशीचे दोन भाग असतात. एसच्या ज्या किमतींना सिस्टिमचा लाप्लास अनंत होतो ते तिचे पोल. पोलचा खरा भाग सांगतो हेलकावा किती लवकर मरतो, काल्पनिक भाग सांगतो किती जलद डुलतो. समजा काल्पनिक भाग १२.५७ आहे, म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे. खरा भाग −२ असेल तर अर्ध्या सेकंदात हेलकावा ३७ टक्क्यांवर येतो, म्हणजे एकच हेलकावा जाणवला. तो −०.२ वर सरकला तर तेवढंच व्हायला पाच सेकंद आणि दहा हेलकावे लागतात. शून्यावर आला तर डुलणं थांबतच नाही. उजवीकडे गेला तर हेलकावे वाढत जातात. डावीकडे पोल म्हणजे स्थिर, हे वाक्य कॉजल, म्हणजे इनपुट येण्याआधी उत्तर न देणाऱ्या सिस्टिमपुरतं खरं, तेवढं टिपून ठेवा. रीजन ऑफ कन्व्हर्जन्स, म्हणजे एसच्या ज्या किमतींना लाप्लासचं इंटिग्रल मर्यादित राहतं तो भाग, लिहायला विसरू नका. एकाच राशीतून दोन वेगळे सिग्नल निघू शकतात आणि कुठला ते त्या रीजनवरूनच कळतं.

पायरी ७: सॅम्पलिंगची फसवणूक

घरातला तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३६० फेरे घेतोय आणि फोन सेकंदाला ३० फ्रेम टिपतोय. दोन फ्रेमांमध्ये पंखा ७२ अंश पुढे जातो. पण पाती दिसायला सारखी, त्यांच्यात १२० अंशांचं अंतर. मग ७२ अंश पुढे आणि ४८ अंश मागे ही दोन्ही चित्रं एकच. डोळा जवळचं निवडतो आणि व्हिडिओत पंखा उलटा फिरतो. हे एलियसिंग.

नियम असा, की सिग्नलमधल्या सगळ्यात वरच्या फ्रीक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त वेगाने सॅम्पल घ्या. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणून सीडीवर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल. लँडलाइनच्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये ८,००० च असतात, कारण बोलणं कळायला ३,४०० हर्ट्झपर्यंत पुरतं. तिथे ५,००० हर्ट्झची शिट्टी फिल्टरशिवाय आत शिरली तर ३,००० ची होऊन बसेल, आणि एकदा बसली की कुठल्याही गणिताने वेगळी काढता येत नाही. म्हणून फिल्टर सॅम्पलिंगच्या आधी लावतात. नंतर लावलेला चालत नाही, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो.

आता हे करा

इमारतीच्या जिन्यात रात्री, वर्दळ नसताना, एकच खणखणीत टाळी वाजवून दोन सेकंद रेकॉर्ड करा. फोनचं नॉइज सप्रेशन बंद करा, नाहीतर ते घुमणारी शेपटी खाऊन टाकेल, आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारं रेकॉर्डिंग तसंही लिनियर नसतं. मग गाद्या-कपड्यांनी भरलेल्या खोलीत स्वत:चं बोलणं दहा सेकंद रेकॉर्ड करा. दोन्ही ४४,१०० सॅम्पलच्या वेगाने, एका चॅनेलमध्ये, वेव्ह फाइल म्हणून साठवा. जीएनयू ऑक्टेव्ह फुकट मिळतं, त्यात ऑडिओरीडने दोन्ही फाइल वाचा आणि कॉन्व्ह या फंक्शनला द्या. उत्तरात ४,४१,००० + ८८,२०० − १ = ५,२९,१९९ सॅम्पल आले पाहिजेत. ऐकलंत तर तुम्ही जिन्यात उभे राहून बोलताय असं वाटेल. ऐकण्याआधी सगळ्या आकड्यांना त्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या निरपेक्ष किमतीने भागा. मी पहिल्यांदा भागलं नव्हतं, हेडफोन कानाला होता, आणि दोन दिवस कान वाजत होते.